खळ्यावरचा संगणक आणि खिशातला फोन

निफाड तालुक्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर आमचा एक प्रोग्रॅम चालतो. ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढला की सिरीयल केबलमधून वजन संगणकात येतं. भरल्या गाडीतून रिकामी वजा, त्याला लिलावातला भाव, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर करत हिशोबपट्टी बाहेर काढतो. गेल्या हंगामात शेठ म्हणाले, "भाऊ, हेच मोबाईलवर द्या ना. मी लासलगावला लिलावात उभा असतो, इकडे किती माल उतरला ते तिथंच कळायला पाहिजे."

नाशिकला कॉलेज रोडच्या ऑफिसात परत आलो आणि भागीदाराशी वाद सुरू झाला. संगणक आणि फोन दोन्हीकडे चालतील असे प्रोग्रॅम बनवायचं एकच साधन, म्हणजे टूल, घ्यायचं, तर कोणतं? हा वाद आमच्या टेबलापेक्षा बराच जुना आहे.

१९९५ हे वर्ष यात मोठं. फेब्रुवारीत बोरलँड कंपनीचं डेल्फी हे टूल आलं, मे महिन्यात सन कंपनीने जावा ही भाषा जाहीर केली, आणि त्याच महिन्यात नॉर्वेतल्या दोघा प्रोग्रॅमरांनी क्यूटी हे टूल लोकांसमोर ठेवलं. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही जावाची घोषणा. पण तेव्हाचं 'कुठेही' म्हणजे विंडोज, मॅक आणि युनिक्स. माऊस, कीबोर्ड आणि मोठा पडदा तिन्हीकडे होताच; भांडण असलंच तर बटणांच्या रंगरूपाचं. जावाने आधी ज्या त्या सिस्टीमची बटणं उसनी घेतली, ते जमेना म्हणून पुढे स्विंग नावाच्या तिच्याच भागात स्वतःच रंगवायला घेतली. उसनं घ्यायचं की स्वतः रंगवायचं, हा प्रश्न आजही तसाच आहे.

आमच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीत मात्र याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. ज्या कारखान्यात जावं तिथे विंडोज. १९९८ साली व्हिज्युअल बेसिक सहा हे विंडोजचे प्रोग्रॅम बनवायचं टूल आलं आणि पुढे कित्येक वर्षं तेवढ्यावरच भागलं.

गणित बिघडलं ते २००७-०८ मध्ये. आधी आयफोन, मग जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर, आणि त्याच वर्षी अँड्रॉईड. पडदा लहान झाला, हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. डेस्कटॉपवर प्रोग्रॅम हा घरचा मालक असतो: हवी ती फाईल उघडतो, केबल जोडतो, दिवसभर चालू राहतो. फोनवर तो भाडेकरू. नजरेआड झाला की सिस्टीम त्याला कधीही बंद करू शकते, कॅमेऱ्यालासुद्धा परवानगी मागावी लागते. शिवाय अ‍ॅपलने बाहेरच्या अ‍ॅप्सना चालता चालता यंत्रभाषा तयार करायला बंदी घातली, त्यामुळे जी टूल्स नेमकं तेच करून वेग मिळवत होती त्यांना कामाची पद्धतच बदलावी लागली. एप्रिल २०१० मध्ये तर अ‍ॅप मुळातच ठरावीक भाषांत लिहिलेलं असावं असा नियम आला. सप्टेंबरात तो सैल केला, पण त्या पाच महिन्यांत क्रॉस-प्लॅटफॉर्म, म्हणजे अनेक सिस्टीमवर चालणारं, टूल बनवणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

इथून वाटा फुटल्या. फोनगॅप, झामरिन, २०१५ मधलं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, या सगळ्या टूल्सच्या लेखी क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे मुख्यतः फोन, अँड्रॉईड आणि आयफोन. डेस्कटॉप फारसा हिशेबात नाही. उलट बाजूला डेस्कटॉपचं टूल इलेक्ट्रॉन. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर आख्खा क्रोमियम, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेला, ब्राउझर पाठवायचा, ही तऱ्हा डेस्कटॉपवर खपून गेली. फोनवर इलेक्ट्रॉन चालतच नाही.

नंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या घरी जायला सुरुवात केली. क्यूटीने डिसेंबर २०१३ मध्ये अँड्रॉईड आणि आयफोनला अधिकृत आधार दिला, डेल्फीही त्याच वर्षी अँड्रॉईडवर पोहोचलं. गूगलचं फ्लटर उलट्या दिशेने आलं: डिसेंबर २०१८ मध्ये फोनसाठी पहिली पक्की आवृत्ती, विंडोजसाठी थेट फेब्रुवारी २०२२, मॅक-लिनक्ससाठी त्याच वर्षीचा मे. मायक्रोसॉफ्टच्या माउई या टूलच्या अधिकृत यादीत लिनक्स नाहीच. टाऊरी हे आणखी एक टूल डेस्कटॉपवर वाढलं, फोनवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं.

माझं मत असं, की यादीत किती प्लॅटफॉर्म लिहिलेत ते आधी पाहूच नये. टूलचं माहेर कुठलं ते पाहावं. सासरी ते नांदतं, पण स्वयंपाकघरात डबे शोधत. क्यूटीत सिरीयल केबल जोडायच्या पोर्टसाठी स्वतःचं मॉड्यूल आहे, म्हणजे आमच्या काट्याची सोय झाली. फ्लटरमध्ये त्यासाठी बाहेरचं पॅकेज शोधावं लागतं, आणि डॉट मॅट्रिक्सला कच्चा मजकूर पाठवायचा म्हटलं की विंडोजच्या पोटात हात घालावा लागतो. पण बोटाने सरकणारी यादी पाहिली, तर फ्लटरपुढे आमचं खळ्यावरचं स्क्रीन म्हणजे सरकारी फॉर्म वाटतो.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं. सुरुवातीच्या अँड्रॉईड फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसायचे. ते गेल्यावरही 'शेतकऱ्याचे नाव' मधला 'ऱ्या' तुटायचा, र वेगळा आणि या वेगळा. अक्षरंसुद्धा स्वतःच रंगवणाऱ्या टूलमध्ये ही जोडाजोड त्याची त्याला करावी लागते, म्हणून कोणतंही नवं टूल आलं की मी पहिल्यांदा तोच शब्द टाकून बघतो.

भागीदाराला सगळं फ्लटरमध्ये नव्याने लिहायचंय. माझं म्हणणं, काट्यावरचा प्रोग्रॅम आहे तिथे राहू दे, फोनला फक्त आकडे दाखवणारं छोटं अ‍ॅप करू. तात्पुरतं माझं ऐकलं गेलं आणि मॅक घ्यायचा खर्चही वाचला, कारण आयफोनसाठी प्रोग्रॅमची तयार प्रत (बिल्ड) काढायला मॅक लागतो आणि शेठकडे तर अँड्रॉईड आहे. सगळं ठरल्यावर शेठचा फोन आला, "आणि हो, पोराच्या फोनवरही टाका बरं का. त्याच्याकडे आयफोन आहे."