मोंबासाच्या गाळात वसईचं सागवान

केनियातल्या मोंबासा बेटावर फोर्ट जीझस नावाचा पोर्तुगीज किल्ला आहे. त्याच्या तटाखाली, समुद्राच्या तळाशी एक जहाज एका कुशीवर पडलं आहे. नाव 'सांतो अँतोनियो द तान्ना'. यातलं तान्ना म्हणजे आपलं ठाणे. आणि जहाज बांधलं गेलं वसईला, 1681 च्या सुमारास.

किल्ल्याचंही आपल्या किनाऱ्याशी नातं आहे. 1593 साली त्याचं काम सुरू झालं. आराखडा काढणारा कायराती मूळचा इटलीतला, पण पोर्तुगीजांच्या भारतातल्या मुलखाचा मुख्य स्थपती. मार्च 1696 मध्ये ओमानच्या अरबांनी या किल्ल्याला वेढा घातला आणि तो डिसेंबर 1698 पर्यंत, म्हणजे पावणेतीन वर्षं चालला. कुमक यायची ती गोव्याहून, आणि तीही वाऱ्याच्या मर्जीने. हिवाळ्यातला ईशान्येचा वारा शिडांना आफ्रिकेकडे नेतो, पावसाळ्याचा नैऋत्येचा परत आणतो. मधल्या काळात वेढ्यात अडकलेल्यांनी काय करायचं, तर वाट पाहायची. अशाच कुमकेच्या कामावर असलेलं हे वसईचं जहाज ऑक्टोबर 1697 मध्ये किल्ल्याच्या अगदी समोर बुडालं.

लाकूड समुद्रात पडलं की त्याची नासाडी वेगाने होते. टेरेडो नावाचा एक प्राणी, दिसायला अळीसारखा पण कुळाने शिंपल्यांचा, लाकडात बोगदे करत जातो. उरलंसुरलं बुरशी आणि जिवाणू फस्त करतात. पण यातल्या बहुतेकांना प्राणवायू लागतो. जहाज उतारावर कलंडलं आणि त्याची खालची बाजू गाळात रुतली. बारीक गाळाच्या थरात प्राणवायू जवळजवळ पोचत नाही, त्यामुळे गाडलेला भाग शाबूत राहिला आणि उघडा राहिलेला भाग नाहीसा झाला. बुडालेली जहाजं बहुधा अशी अर्धीच सापडतात ती यामुळेच.

त्यात हे लाकूड सागवानी. सागातल्या तैलद्रव्यांमुळे कीड त्याला सहजी लागत नाही. आणखी एक गुण कमी माहीत असतो. युरोपातल्या ओक लाकडातलं आम्ल त्यात ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांना खातं, साग मात्र खिळ्यांना तसा त्रास देत नाही. वसई, दमणच्या गोद्यांत बांधलेल्या जहाजांना मोल होतं ते उगाच नव्हे.

1976 ते 1980 या काळात अमेरिकेतल्या टेक्सासची इन्स्टिट्यूट ऑफ नॉटिकल आर्किऑलॉजी आणि केनियाची राष्ट्रीय संग्रहालयं यांनी मिळून रॉबिन पियर्सी यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन केलं. चिनी मातीची भांडी, साधी मडकी, डोलकाठ्यांच्या दोरखंडांचं सामान अशा हजारो वस्तू वर आल्या. खरं जिकिरीचं काम त्यानंतर सुरू होतं. शेकडो वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशींना बळकटी देणारा सेल्युलोज बराचसा नाहीसा झालेला असतो. आकार टिकलेला असतो तो आत भरलेल्या पाण्यामुळे. असं लाकूड तसंच उन्हात ठेवलं, तर निघून जाणारं पाणी पेशींच्या भिंती आत खेचतं आणि तुकडा वाळक्या सुंठीसारखा आक्रसतो. म्हणून आधी गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढायचं, मग पाण्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ हळूहळू मुरवायचा. लोखंडाची तर वेगळीच तऱ्हा. समुद्राच्या मिठातून आत शिरलेले क्लोराइड काढले नाहीत, तर तोफेचा गोळा कपाटात बसल्या बसल्या पापुद्रे सुटून फुटतो.

हे सोपस्कार एखाद्या फळीवर करणं निराळं आणि अख्ख्या जहाजावर करणं निराळं. स्वीडनने 'वासा' हे युद्धनौकेचं धूड 1961 मध्ये वर काढलं आणि त्यावर तब्बल 17 वर्षं हा मेणासारखा पदार्थ फवारला. तो खर्च, तेवढी इमारत, तेवढी वर्षं कोणी द्यायची? मोंबासात लाकडांची मापं घेतली, नकाशे काढले आणि सांगाडा जागच्या जागी पुन्हा झाकून टाकला. काहींना यात हार दिसेल. मला तो शहाणपणा वाटतो, कारण त्या गाळाने तीनशे वर्षं फुकट केलेलं काम कुठल्याही प्रयोगशाळेला परवडलं नसतं.

वर आलेल्या वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात पाहता येतात. ब्रिटिशांच्या काळात तुरुंग असलेला हा किल्ला 2011 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्याकडच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना त्याच्या भिंती विचित्र दिसतील: प्रवाळाचा दगड, छिद्राछिद्रांचा, कापायला मऊ. तटाखालचा खडकही प्रवाळाचाच. लाटांनी तो पोखरायला सुरुवात केल्यावर पायथ्याशी बांध घालावा लागला.