पाठ फिरली की शिस्त का मोडते?

आई-बाबा घरात असेपर्यंत अभ्यास आणि दार लागलं की मोबाइल. धाकाने लावलेली शिस्त बहुधा अशीच वागते. त्यात मुलांचा लबाडपणा शोधण्याआधी धाक काम कसा करतो, हे बघायला हवं.

जोनाथन फ्रीडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 1965 सालचा एक प्रयोग आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलग्यांना एका झकास खेळण्यातल्या यंत्रमानवाला हात लावायचा नाही, असं बजावलं. काहींना चांगलाच दम भरला, तर काहींना 'तसं करणं बरं नाही' एवढंच सांगितलं. त्या दिवशी जवळपास सगळ्यांनी ऐकलं. काही आठवड्यांनी, मनाईचा विषयही न काढता, त्यांना पुन्हा त्याच खेळण्यांपाशी सोडलं. दम मिळालेल्यांपैकी बहुतेक जण यंत्रमानवाशी खेळले. सौम्यपणे सांगितलेल्यांपैकी मात्र साधारण एक तृतीयांशच खेळले. दम मिळालेल्यांच्या लेखी न खेळण्याचं कारण होता तो दम. तो गेला आणि कारणही संपलं. बाकीच्यांना कारण स्वतःच शोधावं लागलं होतं, म्हणून ते टिकलं.

मग घरी करायचं काय? एका वेळी एकच सवय धरा. सकाळी लवकर उठणं, दप्तर भरणं, अभ्यास, मोबाइल हे सगळं एकाच सोमवारपासून सुरू केलं तर गुरुवारपर्यंत सगळंच बारगळतं. आणि 'रोज अभ्यास करीन' ही नुसती इच्छा झाली. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून दिसलं की 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवलेलं काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये सातवीतल्या मुलाशी हे बोलणं असं होऊ शकतं:

"गणित कधी करशील?"
"करतो ना गं."
"म्हणजे कधी? तूच ठरव."
"खेळून वर आलो की."
"तेव्हा तर भूक भूक करत असतोस."
"मग खाऊन झाल्यावर. इथेच, टेबलावर."
"आणि मोबाइल?"
"आतल्या खोलीत, चार्जिंगला."

आता हे त्याच्याच अक्षरात कागदावर येऊ दे: 'खाऊन झालं की ताटली सिंकमध्ये ठेवून गणिताची वही उघडीन.' सुरुवातीला तीनच गणितं द्या, दहा मिनिटांत संपतील एवढीच. पहिला आठवडा जवळ बसा, आपलं काही काम घेऊन. दुसऱ्या आठवड्यात फक्त विचारा, "खाऊन झालं, आता काय?" हुकूम सोडला तर आठवण ठेवण्याचं काम परत तुमच्याकडे येतं. तिसऱ्या आठवड्यात गप्प राहून बघा.

बहुतेक घरं इथेच धीर सोडतात. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी मोठ्या माणसांच्या सवयी मोजल्या, तेव्हा एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम काळ 66 दिवस निघाला. कुणाला 18 दिवस पुरले, कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. त्यामुळे एका दिवसाच्या खाड्यावरून रामायण नको.

मोठ्यांचा शब्द फिरला की मात्र नक्की बिघडतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या सेलेस्ट किड यांच्या प्रयोगात, आधी ज्या मोठ्या माणसाने कबूल केलेलं सामान आणलंच नाही, त्याच्या भरवशावर लहान मुलं, समोरचा मार्शमेलो (एक मऊ गोड खाऊ) लगेच न खाता दुसराही मिळावा म्हणून, सरासरी तीनच मिनिटं थांबली. शब्द पाळला गेलेली मुलं बारा मिनिटं थांबली. 'रविवारी सारसबागेत जाऊ' म्हणून नेलं नाही, तर मुलाचा संयमच ढिला होतो. बक्षिसंही जपून द्या. आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर पुढे त्यांची आपणहून चित्रं काढण्याची ओढ कमी झाली, असं 1973 मध्येच दिसून आलं होतं.

किशोरवयात गणित थोडं बदलतं. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो आणि शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं, म्हणून रात्री झोप लवकर येत नाही. तरी घरी तीन हाका मारून न उठणारी मुलगी ढोल-पथकाच्या सरावाला वेळेवर पोचते. तिथे जायचं तिने स्वतः ठरवलेलं असतं, ठेका चुकला तर लगेच कळतं, आणि ती नसली तर शेजारचा वादक तिची वाट बघतो. घरातल्या नियमांत यातलं काय आहे, हे तपासून बघा.

मोबाइलची वेळ तिच्यासोबत बसून ठरवा आणि मोडली तर काय, तेही शांत डोक्याने, आधीच. रात्री साडेदहाची वेळ टळली तर दुसऱ्या दिवशी फोन दहालाच हॉलमध्ये. बस, एवढंच. रागाच्या भरात 'महिनाभर फोन बंद' म्हटलं, तर तिसऱ्या दिवशी क्लासचा ग्रुप बघायला तुम्हालाच तो परत द्यावा लागतो. आठवड्यात तीनदा वेळ टळली, तर रविवारी दोघींनी बसून आधी ती वेळच जमण्यासारखी आहे का, ते बघा. क्लास साडेनऊला सुटत असेल, तर बहुधा नसते.