गुयाश आणि अमेरिकन गुलाश: एका नावाची दोन पातेली

हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, गुयाश मागवलं की खोलगट वाडग्यात लालसर पातळ रस्सा येतो. त्यात गोमांसाचे मऊ तुकडे असतात, बटाटा आणि गाजर असतं, आणि पिठाचे चिमटून टाकलेले बारीक तुकडे असतात. ओहायो किंवा आयोवातल्या घरात "आज गुलाश केलंय" म्हणाले की ताटलीत येतो खिमा, टोमॅटो आणि मॅकरोनी, वर वितळलेलं चेडर चीज. दोन्हींत गोमांस, दोन्हींत पापरिका (सौम्य लाल मिरचीची पूड), दोन्ही एकाच पातेल्यात होतात आणि दोन्ही पोटभरीची. त्यामुळे इंटरनेटवर यांच्या कृती इतक्या एकमेकींत मिसळल्या आहेत, की अमेरिकेत नवा संसार थाटलेल्या मराठी मुलामुलींचे प्रश्न ठरलेले असतात. कुणी विचारतं, "खिमा दोन तास कशाला शिजवायचा?" कुणी सांगतं, "मांसाचे तुकडे घातले, मॅकरोनीचा लगदा झाला, मांस मात्र चिवटच राहिलं." दोघांचीही गडबड एकच: कृती एकाची वाचली आणि करायला घेतलं दुसरं.

हे दोन पदार्थ वेगळे ठरतात ते मांसामुळे. मसाला, भाज्या, पास्ता सगळं त्यामागून येतं. बाजारातून मांस आणतानाच ठरवायला हवं की आज यातलं कुठलं करायचं.

हंगेरीचं गुयाश हे गुराख्यांचं जेवण. अल्फोल्ड नावाच्या विस्तीर्ण सपाट प्रदेशात लांब शिंगांची करडी गुरं हाकणारे लोक उघड्या जाळावर टांगलेल्या बोग्राचमध्ये, म्हणजे लोखंडी कढईवजा भांड्यात, ते रटरटत ठेवत. गुराख्यांकडे वेळ भरपूर होता आणि मांस होतं मेहनती जनावराचं. आजही हंगेरियन घरांत गुयाशसाठी पायाच्या नळीजवळचं मांस घेतात. या भागात स्नायूंना बांधून ठेवणारं कोलाजेन खूप असतं. अर्ध्या तासात ते चामड्यासारखं लागतं. दीड-दोन तास मंद आचेवर राहिलं की कोलाजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं, मांस काट्याने तुटतं आणि रश्शाला ओठांना किंचित चिकटणारा अंगचा दाटपणा येतो. खऱ्या गुयाशमध्ये मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावत नाहीत, कारण ते काम हे मांसच करतं.

अमेरिकन गुलाशमध्ये यातलं काहीच घडत नाही आणि घडायची गरजही नाही. खिमा करताना यंत्राने ते चिवट धागे आधीच कापून टाकलेले असतात. दोन तास शिजवून तो आणखी मऊ होत नाही, उलट कोरडा आणि भुसभुशीत होतो. म्हणून खिम्याची चव शिजवण्यात नाही, परतण्यात आहे. जाड बुडाचं पातेलं चांगलं तापू द्यायचं, खिमा पसरायचा आणि चार-पाच मिनिटं त्याला हातही लावायचा नाही. आधी पाणी सुटतं आणि फसफस असा ओला आवाज येतो. पाणी आटलं की आवाज बदलतो, कोरडी चरचर सुरू होते. त्या चरचरीनंतर आणखी दोन मिनिटं थांबलं की तळाशी तपकिरी खरपूडी धरते. पुढे टोमॅटो घातल्यावर ती उलथन्याने खरवडून सोडवायची. सगळ्या गुलाशचा दम त्या खरपुडीत असतो. बहुतेक जण खिमा पांढुरका झाला की "झाला" म्हणून पुढे जातात आणि मग गुलाश बेचव का लागतं म्हणून मसाले वाढवत बसतात.

गुयाशमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे मांस खरपूस भाजत नाहीत. डुकराच्या चरबीवर भरपूर कांदा फक्त पारदर्शक होईपर्यंत परततात, मग भांडं आचेवरून उतरवतात आणि त्यात गोडी पापरिका घालतात. उतरवतात हे महत्त्वाचं. पापरिकेत साखर असते. कडक तापलेल्या चरबीत ती काही सेकंदांत करपते आणि रस्सा कडू होतो, मग तो सावरता येत नाही. पापरिका ढवळली की लगेच मांस घालायचं, म्हणजे मांसाच्या ओलाव्याने ती शांत होते. मग मीठ, लसूण आणि ठेचलेलं कॅरावे, म्हणजे आपल्या शहाजिऱ्याचं जवळचं नातलग. पहिला अर्धा तास मांस स्वतःच्या आणि कांद्याच्या रसातच शिजतं, कोरडं पडतंय असं वाटलं तरच पळीभर पाणी घालायचं. पातेलंभर पाणी त्यानंतर.

पापरिकेबद्दल थोडं अधिक सांगते. मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांमुळे गोव्याच्या किनाऱ्यावर आली, हंगेरीत तुर्कांच्या राजवटीत पोचली. पुढे सेगेड आणि कलोचा ही गावं पापरिकेसाठी नावाजली. सेगेडमध्ये काम करणाऱ्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्ग्यी यांनी तिथल्या ताज्या पापरिका मिरच्यांतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हंगेरियन स्वयंपाकात गोडी पापरिका ही चिमूटभर घालायची गोष्ट नाही. चार-पाच जणांच्या गुयाशला तीन मोठे चमचे भरून लागते, कारण ती तिखटासाठी नसून रंग, गोडसर चव आणि थोड्या दाटपणासाठी असते. अमेरिकन गुलाशमध्ये एक चमचा पुरतो, कारण तिथे रंग आणि आंबटगोडपणा दोन्ही टोमॅटोकडून येतात. आपल्या घरात पापरिका नसेल तर ब्याडगी मिरचीची पूड रंगाला जवळची आहे, पण ती पापरिकेइतकी सौम्य नाही. गुयाशमध्ये तीन चमचे ब्याडगी घातली तर तोंड भाजेल. अमेरिकन गुलाशमध्ये मात्र चमचाभर ब्याडगी खुशाल घाला, मला तर ती जास्तच आवडते.

टोमॅटोचं प्रमाण ही ओळखीची दुसरी खूण. गुयाशमध्ये एखादाच टोमॅटो आणि एखादी हिरवी ढोबळी मिरची. यामागे चवीइतकंच बटाट्याचंही कारण आहे. आंबट पाण्यात बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, त्यामुळे टोमॅटोने भरलेल्या रश्शात बटाटा शिजायला फार वेळ लागतो आणि बराच काळ मधे कडक राहतो. अमेरिकन गुलाशमध्ये बटाटा नसतो, म्हणून तिथे टोमॅटोचा मोठा डबा ओतला तरी काही बिघडत नाही.

आता पास्ता. गुयाशमध्ये घालतात ते चिपेत्के: एक अंडं, मीठ आणि त्यात मावेल तेवढा मैदा, पाण्याचा थेंबही नाही. घट्ट गोळा मळून थोडा वेळ झाकून ठेवायचा आणि बोटांच्या चिमटीने नखाएवढे तुकडे तोडून उकळत्या रश्शात सोडायचे. ते वर तरंगले की आणखी दोन-तीन मिनिटांत तयार. अंड्यामुळे आणि घट्ट मळण्यामुळे ते फारसे फुगत नाहीत आणि रस्सा पातळच राहतो. मॅकरोनी वाळवलेली असते, ती पातेल्यातलं पाणी ओढून घेते आणि स्वतःचा स्टार्च सोडते. आपल्या चकोल्यांसारखंच. म्हणून अमेरिकन गुलाशला दाटपणा मॅकरोनीकडून येतो, तर गुयाशला मांसाकडून. हे कळलं की एकाच्या जागी दुसरं का चालत नाही तेही कळतं. गुयाशमध्ये मॅकरोनी टाकली तर दोन तास जपलेला रस्सा ती पिऊन टाकते.

अमेरिकेत हा पदार्थ विसाव्या शतकात घराघरांत रुळला, कारण खिमा स्वस्त, मॅकरोनी त्याहून स्वस्त आणि टोमॅटोचे डबे कपाटात असायचेच. न्यू इंग्लंडमध्ये जवळजवळ याच पदार्थाला अमेरिकन चॉप सुई म्हणतात, आणि त्याचा चिनी जेवणाशी संबंध नाही. १९७१ मध्ये जनरल मिल्स कंपनीने हॅम्बर्गर हेल्पर बाजारात आणलं, तेही याच कल्पनेचं पाकीट: खिमा तुम्ही आणा, बाकी आमच्याकडे. हंगेरीचे लोक या गुलाशला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. कामावरून साडेसहाला घरी आलेल्या, मुलांना साडेसातला वाढायचं असलेल्या माणसाचा हा पदार्थ आहे आणि त्या कामात तो चोख आहे. नावामुळे त्याच्याकडे नक्कल म्हणून बघितलं जातं, एवढाच त्याचा दुर्दैवाचा भाग.

आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी मी हेच करते, फक्त थोडं सैल, सुपासारखं. चार-पाच जणांसाठी अर्धा किलो खिमा वर सांगितल्याप्रमाणे परतायचा. अमेरिकेत पाकिटावर ८०/२० लिहिलेलं असेल तर त्यात चरबी वीस टक्के असते, सुटलेली निम्मी काढून टाकायची. एक मोठा बारीक चिरलेला कांदा त्यातच मऊ करायचा, चार पाकळ्या लसूण, चमचाभर पापरिका, अर्धा चमचा ओरेगानो आणि तमालपत्र घालायचं. मग ८०० ग्रॅमचा चुरलेल्या टोमॅटोचा डबा, एक लिटर स्टॉक आणि एक मोठा चमचा वूस्टर सॉस. दहा मिनिटं उकळी. नंतर २०० ग्रॅम मॅकरोनी, आणि पाकिटावर दिलेल्या वेळेआधी एक मिनिट गॅस बंद, कारण ती गरम रश्शात शिजत राहते. मधून तळ खरवडत ढवळायचं, नाहीतर मॅकरोनी खाली चिकटते. पस्तीस-चाळीस मिनिटांत वाढता येतं. खिमा आतपर्यंत शिजायलाच हवा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडक खिम्यासाठी ७१ अंश सेल्सियसचा आहे, आणि उकळत्या सुपात तो सहज ओलांडला जातो.

गुयाशसाठी रविवार राखून ठेवावा, किंवा कुकर काढावा. नळीजवळचं मांस कुकरमध्ये तीस-पस्तीस मिनिटांत मऊ होतं. मात्र बटाटा आणि चिपेत्के झाकण उघडल्यावरच घालायचे, मांसाबरोबर कुकरमध्ये घातले तर त्यांचं पिठलं होईल.

हे दोन ओळखू यायला लागले की मधली भावंडंही ओळखता येतात. व्हिएन्नामध्ये गुलाश म्हणजे दाट, कांद्याने भारलेलं आणि पावाबरोबर खायचं. प्रागमध्ये ते उकडलेल्या कणकेच्या जाड चकत्यांबरोबर येतं. हंगेरियन लोक अशा दाट प्रकाराला गुयाश म्हणतच नाहीत, त्यांच्याकडे ते पोर्कोल्त. त्यात आंबट साय घातली की पाप्रिकाश. म्हणजे गुयाशमध्ये आंबट साय घाला असं सांगणारी कृती दिसली की ती बाजूला ठेवावी.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही आहे, म्हशीचं मांस मिळतं. त्याचा खिमा अमेरिकन गुलाशला चांगला चालतो, पण त्यात चरबी कमी असल्याने परतताना दोन चमचे तेल जास्त घालावं. गुयाशला बोकडाच्या नळ्या घेतल्या तरी कोलाजेनचं गणित तसंच जमतं, वेळ थोडा कमी लागतो. गोव्यात गोमांस मिळतं, आणि तिथल्या ख्रिस्ती घरांत मांसाच्या पाण्यात मॅकरोनी शिजवून केलेलं सोपा दि कार्न ओळखीचं आहे. त्याची परंपरा पोर्तुगीज, या दोघांशी नातं नाही, पण ज्यांनी ते लहानपणी खाल्लंय त्यांना अमेरिकन गुलाशचा सैल प्रकार पटकन आपला वाटतो.

उरलेल्याचं दोघांचं वागणंही वेगळं. गुयाश दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. फ्रीजमध्ये रस्सा थरथरत्या जेलीसारखा गोठतो आणि गरम केला की पुन्हा मोकळा होतो. अमेरिकन गुलाशची मॅकरोनी रात्रभर पाणी ओढत राहते आणि सकाळी पातेल्यात सूप उरतच नाही. डब्यासाठी जास्तीचं करायचं असेल तर मॅकरोनी वेगळी उकडून ठेवावी आणि खाण्याच्या वेळी मिसळावी. दोन्ही पदार्थ शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवेत, आणि मोठ्या पातेल्यातलं सूप लवकर निवत नाही, म्हणून उथळ डब्यांत वाटून ठेवलेलं बरं.