राजकीय चर्चा-रेडिओ (सोलापूर)

पाहुणे आणि फोनवरचे श्रोते राज्यकारभारावर मोकळेपणाने वाद घालतात, असा नभोवाणी कार्यक्रम. या प्रकाराचे माहेरघर अमेरिका. तेथे १९८७ साली दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन उठले आणि पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ यांचा एककल्ली पण अफाट लोकप्रिय कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. सोलापुरात राजकारणाची आवड कमी नाही, पण असा कार्यक्रम येथे रुजला नाही. त्याचे कारण परवान्याच्या अटींत आहे.

भारतात नभोवाणी सुरुवातीपासूनच सरकारच्या मुठीत गेली. १९२७ साली मुंबईत सुरू झालेली खासगी प्रसारण कंपनी बुडाली आणि १ एप्रिल १९३० रोजी सरकारने ती सेवा हाती घेतली. पुढच्याच महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. त्या काळात शहराचा राजकीय आवाज वर्तमानपत्रांत आणि सभांत होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे स्वतः पत्रकार होते.

रेडिओ राजकारणाचे हत्यार कसा होतो, हे या भागाने १९४८ मध्ये जवळून पाहिले. निजामाचे हैदराबाद संस्थान अगदी शेजारी. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची शिबिरे सोलापूरच्या बाजूला, तर पलीकडे निजाम सरकारचा डेक्कन रेडिओ. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गमार्गे आत शिरली आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. २३ सप्टेंबरला त्याच निजामाने रेडिओवरून बोलताना रझाकारांवर खापर फोडले.

स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीवर राजकारण आले ते मोजूनमापून. मान्यताप्राप्त पक्षांना निवडणुकीत वेळ देण्याची पद्धत १९७७ पासून आहे. वेळेचा काही भाग सर्व पक्षांना सारखा, उरलेला मागील निवडणुकीतील कामगिरीनुसार. कोणी कधी बोलायचे ते सोडतीने ठरते. भाषणाची संहिता आधी द्यावी लागते आणि कोणाचेही नाव घेऊन टीका करता येत नाही. सोलापूरच्या प्रचारसभांची भाषा ज्याने ऐकली आहे, त्याला नाव न घेता केलेले प्रचाराचे भाषण किती बेचव होत असेल याची कल्पना येईल.

एरवी राजकारणी रेडिओवर भेटतात ते मुलाखतीत किंवा मनोगतात. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा ‘दिलखुलास’ मंत्री आणि अधिकाऱ्यांना बोलते करतो, पण सरकारी योजनांच्या चौकटीत. नाव दिलखुलास असले तरी अडचणीत टाकणारा प्रश्न त्यात अपेक्षित नसतो. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेली पंतप्रधानांची ‘मन की बात’ मराठी अनुवादातूनही पोहोचते. तिच्यासाठी श्रोत्यांकडून सूचना मागवतात, पण प्रसारणात उलट प्रश्नाला जागा नाही.

खासगी एफएमने हे बदलेल असे वाटले होते. प्रसारलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले होते आणि २००५च्या धोरणाच्या दुसऱ्या टप्प्यात सोलापूरसाठीही वाहिन्या खुल्या झाल्या. मात्र बातम्या व चालू घडामोडींवर बंदी राहिली. २०११च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावण्यास मुभा दिली. त्याच वेळी वाहतूक, हवामान, परीक्षा, वीज-पाणी यांची माहिती ‘बातमी’ धरायची नाही असेही ठरवले. सामुदायिक रेडिओलाही स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत.

माहिती आणि बातमी यांमधली ही रेघ सोलापुरात नेमकी पाण्याच्या प्रश्नावर उमटते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात आज कोणत्या भागात पाणी सुटणार हे निवेदक बिनधास्त सांगू शकतो. पण उजनी धरण भरलेले असताना ही वेळ का येते, महापालिकेत जबाबदार कोण, यावर नगरसेवकांना समोरासमोर बसवले की चर्चा चालू घडामोडींत मोडते. मग निवेदक खड्डे, कचरा, पाणी यांवर विनोद करतो आणि गाणे लावतो. टोमणा बसतो, पण उत्तर द्यायला समोर कोणी नसते.

या बंदीला ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २०१७ मध्ये न्यायालयाने केंद्राला बंदीमागचे कारण विचारले. दूरचित्रवाणीला मोकळीक असताना रेडिओला का नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. दरम्यान स्थानिक राजकीय चर्चा यूट्यूब वाहिन्यांवर आणि पॉडकास्टवर गेली आहे, कारण तेथे एफएमचा परवाना लागत नाही.