कोलन राहिला आणि फाइल घरातच राहिली

परवा रात्री प्रभादेवीच्या एका प्रेसला 300 एमबीची पीडीएफ पाठवायची होती, सकाळी प्लेटा काढायच्या होत्या. त्यांच्या मशीनवर माझं लॉगिन आहे, म्हणून नेहमीसारखं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं, एससीपी, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायची कमांड, टाइप केली, मग फाइलचं नाव, मग युजर@मशीन, एंटर. झटकन झालं. एवढं झटकन की खरं तर तिथेच शंका यायला हवी होती, टक्के दाखवणारी ओळसुद्धा आली नाही, पण रात्रीचे पावणेदोन वाजले होते, झोपलो. सकाळी ट्रेनमध्ये दाराशी लटकलेलो असताना प्रेसमधून फोन, "दादा, फाइल कुठाय?"

फाइल माझ्याच लॅपटॉपवर होती. नाव काय, तर युजर@मशीन. शेवटचा कोलन (:) टाकायचा राहिला होता! मशीनच्या नावापुढे कोलन असेल तरच एससीपीला कळतं की हा दुसऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता आहे, नसेल तर तिला वाटतं की त्या नावाची फाइल बनवायची आहे, आणि ती मुकाट्याने जागच्या जागी कॉपी काढून मोकळी होते. एरर नाही, काही नाही.

ही कमांड अशी का वागते, तर तिचं खानदान तसं आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फाइल कॉपी करायची साधी कमांड सीपी, तिच्यावरून बर्कले विद्यापीठाच्या मंडळींनी दुसऱ्या मशीनवर कॉपी करायला आरसीपी बनवली, आणि तिला कुलूप लावल्यावर झाली एससीपी, म्हणजे सिक्युअर कॉपी. त्याआधी, 1971 मध्ये, एमआयटीत असलेल्या अभय भूषण यांनी (आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, आपल्याकडे हे फार कमी लोकांना माहीत असतं) एफटीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या नियमांचा, पहिला मसुदा लिहिला होता. पण तेव्हा नेटवर्कवर मोजकीच माणसं, कोण कशाला चोरी करेल असा जमाना, त्यामुळे एफटीपीत काय, आरसीपीत काय, सगळं उघड्यावरून जायचं. एफटीपीत तर पासवर्डसुद्धा.

1995 मध्ये हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी असे जाणारे पासवर्ड गुपचूप गोळा केले. तिथल्याच टाटू युलोनेन यांनी मग एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनशी कुलूपबंद बोलायचं सॉफ्टवेअर, लिहिलं आणि त्याच वर्षी फुकट वाटलं. त्यासाठी पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या दाराचा नंबर, मिळाला 22, म्हणजे एफटीपीचा 21 आणि टेलनेटचा (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची जुनी, कुलूप नसलेली सोय) 23 यांच्या बरोब्बर मधला. एससीपी याच एसएसएचच्या बोगद्यातून फाइल नेते.

आता यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. दोन मशीन आधी कधी भेटलेली नाहीत, मधली तार कोणीही ऐकू शकतं, मग कुलपाची किल्ली ठरते कशी? समजा दादरच्या पुलावर संध्याकाळी सातला तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि आपण ओरडून ठरवलं की 17 आणि 3 हे आकडे घ्यायचे. अख्ख्या पुलाने ऐकलं. मी मनात 7 धरला, 3 चा सातवा घात केला, 2187, त्याला 17 ने भागून बाकी उरली 11, आणि 11 असं ओरडलो. तुम्ही मनात 6 धरला, 729, बाकी 15, तुम्ही 15 ओरडलात. आता मी तुमच्या 15 चा सातवा घात करून 17 ने भागतो, तुम्ही माझ्या 11 चा सहावा घात करून भागता, आणि दोघांकडेही बाकी 8 च उरते. करून बघा. पुलावरच्या लोकांनी 17, 3, 11, 15 सगळं ऐकलं, पण 8 कोणीच बोललं नाही. छोट्या आकड्यांत कोणीही अंदाजाने शोधेल, पण 17 च्या जागी 600 आकडी संख्या घेतली की उलटं जाणं आजच्या कॉम्प्युटरांना जमत नाही. डिफी आणि हेलमन यांनी हे 1976 मध्ये छापलं. आता एसएसएचमध्ये बहुतेक वेळा वक्रांचं गणित वापरतात, युक्ती तीच.

पण गर्दीत 15 असं ओरडणारे तुम्हीच होतात का, हे हे गणित सांगत नाही. मध्येच कोणी तिसरा उभा राहून दोघांशी वेगवेगळा व्यवहार करू शकतो. म्हणून पहिल्यांदा जोडताना एसएसएच समोरच्या मशीनच्या किल्लीचा ठसा दाखवून विचारतं, विश्वास ठेवायचा का? आणि आपण सगळे न वाचता यस ठोकतो. मीही.

एससीपीचं स्वतःचं दुखणं वेगळं. पलीकडचं मशीन पाठवेल त्या नावाची फाइल ती घ्यायची, तुम्ही मागितली होती का ते नीट तपासायची नाही, 2019 मध्ये यावरून बराच गाजावाजा झाला. मग 2022 च्या ओपनएसएसएच 9.0 पासून (ओपनएसएसएच म्हणजे एसएसएचची सगळ्यात जास्त वापरली जाणारी आवृत्ती) नाव तेच ठेवून आतलं इंजिन एसएफटीपीचं, म्हणजे एसएसएचमधूनच फाइल नेणाऱ्या दुसऱ्या पद्धतीचं, बसवलं. अर्ध्यात तुटलं तर साध्या एससीपीत पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून लोकलमध्ये मी आरसिंक नावाची फाइल पाठवायची दुसरी कमांड वापरतो, ट्रिजेल आणि मॅकेरास यांची 1996 ची, कमांडमध्ये पार्शल हा पर्याय सांगितला की आलेला भाग टाकून देत नाही, पुढचं तेवढं पाठवतं.

त्या दिवशी ठाण्याला बसायला जागा मिळाली, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, या वेळी कोलनसकट कमांड मारली. तर स्क्रीनभर इशारा, या मशीनची ओळख बदललीये. रात्री दिसलाच नव्हता, कारण रात्री मी प्रेसच्या मशीनपर्यंत पोचलोच कुठे होतो. फोन केला. पोरगा म्हणाला, हो दादा, कालच नवीन सिस्टीम टाकली, जुनी किल्ली उडवा आणि यस करा. म्हटलं थांब, ठसा वाच. त्रेचाळीस अक्षरं असतात. "कॅपिटल क्यू, स्मॉल एक्स, सात..." विक्रोळी गेलं, घाटकोपर गेलं, शेजारचे काका माझ्याकडे बघायला लागले. सगळी अक्षरं जुळली तेव्हा कुर्ला आलं होतं, आणि प्लेटा तासभर उशिरा निघाल्या.