लांब डिस्क म्हणजेच पूर्ण मूकपट?

सांगलीतल्या सिनेमावेड्यांच्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं: 'नोस्फेराटू' या जर्मन पिशाच्चपटाची (१९२२) ९४ मिनिटांची डिस्क तेवढी पूर्ण, त्याहून छोट्या सगळ्या कापलेल्या. नुसती मिनिटं मोजून हे ठरत नाही.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. ५,४०० फूट फिल्म सेकंदाला १६ चौकटींनी चालवली तर ९० मिनिटं पुरते, बोलपटाच्या २४ च्या वेगानं तासाभरात संपते. कात्री न लावता! माणसं तुरुतुरु पळतात तीही यामुळेच. जुन्या नटांना कसली घाई नव्हती. काही प्रतींत तुकडे खरंच गहाळ असतात, पण ते मिनिटांवरून कळत नाही.

खरा फरक बघायचाय? सिनेमातलं पिशाच्च, काउंट ऑर्लोक, शवपेटी घेऊन गावातून जातो तो प्रसंग लावा. चित्रण दिवसाचं, प्रिंटला निळी छटा दिली की रात्र. निव्वळ कृष्णधवल डिस्कवर हे पिशाच्च भर उन्हात हिंडतं, आणि शेवटी सूर्यप्रकाशानं मरतं! लोक दिग्दर्शकाला हसतात, चूक डिस्कवाल्याची.

तेव्हा कव्हरवर आधी रंगछटा आणि जीर्णोद्धाराची माहिती वाचा, मिनिटं नंतर.