मराठी डोमेन घेताय? नाव टाइप करून पाठवा, फोटो नको

‘.भारत’वर, म्हणजे शेवटी ‘.भारत’ असलेल्या इंटरनेटच्या पत्त्यावर (डोमेनवर), आपल्या दुकानाचं नाव मराठीतच हवं असं सांगणारे ग्राहक आमच्याकडे वरचेवर येतात, आणि आम्हाला त्याचा मनापासून आनंद आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी ‘.भारत’ खुलं झालं. मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी धरून आठ भाषांना ते चालतं. पाटीवर जे नाव, तेच मोबाइलवर, यासारखं समाधान नाही.

आधी रोजच्या फोनचं उत्तर. तुम्ही ब्राउझरच्या पट्टीतून आपला पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकता आणि मराठीऐवजी ‘एक्सएन’ने सुरू होणारी इंग्रजी अक्षरं उमटतात. साइट हॅक झालेली नाही. डोमेनची यंत्रणा इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढ्यावरच चालते. म्हणून देवनागरी नाव पुनीकोड पद्धतीने त्यात बसवलं जातं. नुसतं ‘भारत’ तिथे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ होतं. ते तुमचंच नाव आहे आणि त्यावर टिचकी मारली की तुमचीच साइट उघडते.

आता खरं काम अडतं ते कुठे, ते सांगतो. ग्राहक व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवतात. नाहीतर छपाईवाल्याकडची फाइल, जी जुन्या फाँटमध्ये असते आणि कॉपी केली की नुसती इंग्रजी गिचमिड हाती येते. मग आम्ही बघून टाइप करतो, आणि इथेच घोळ होतो, कारण डोळ्याला सारखं दिसणारं नाव संगणकाला सारखं असेलच असं नाही.

गेल्या वर्षी ठिबकचं साहित्य विकणाऱ्या एका दुकानदारांचं नाव नोंदवलं. नावात ‘ॲग्रो’ होतं. आम्ही ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून नोंदवलं. त्यांच्या मुलाने शेतकऱ्यांच्या ग्रुपवर पत्ता टाकताना ‘अ’ लिहून त्यावर वेगळा चंद्र चढवला. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण संगणकाच्या लेखी दोन निराळी नावं. लिंक कोणालाच उघडेना. सर्व्हर तपासण्यात आमचा अख्खा दिवस गेला; चूक सापडली ती अक्षरं एकेक करून मोजली तेव्हा.

आमच्या कऱ्हाडच्या नावातही हेच दुखणं आहे. ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन (इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्ट आणि ‘जे’), पुढे हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण आणि ‘ह’. किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारी जोडखूण घालून. ही खूण नोंदणीच्या वाटेवर कुठे गळून जाते, कुठे अर्जच परत येतो. गळली की ‘कर्हाड’ होतं, डोक्यावर रफार चढलेलं. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांच्या मंडळींनी हे जरूर पाहावं. आम्ही पहिल्या पद्धतीनेच नोंदवतो.

विसर्गाच्या जागी कोलन चालत नाही. ‘डॉ.’मधला टिंबही नावात धरता येत नाही, कारण डोमेनमध्ये टिंब आला की नाव तिथेच तुटतं. आणि कीर्ती की किर्ती, हे घरात आधी ठरवा.

म्हणून आमची पद्धत अशी: नाव मोबाइलवर टाइप करून साध्या मेसेजमध्ये पाठवा. आम्ही त्यातलं प्रत्येक अक्षर तपासतो, तुम्हाला परत पाठवतो, आणि तुमचं ‘बरोबर आहे’ असं लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरतो. ‘दुसरीकडे दहा मिनिटांत होतं, तुम्हाला दोन दिवस कशाला?’ असं काहीजण रागावून विचारतात. नोंदवलेलं नाव खोडून दुरुस्त करता येत नाही. चुकलं तर नवं विकत घ्यावं लागतं. ते तुमचे पैसे असतात, म्हणून आम्ही थांबतो.

मराठी नावाबरोबर एक इंग्रजी नावही घ्या, हा आमचा आग्रह राहील. आम्ही दोन्ही एकाच साइटवर वळवून देतो. ईमेल मात्र इंग्रजी नावावरच ठेवा: मराठी ईमेल पत्त्याचे तांत्रिक नियम २०१२ पासून आहेत, पण अनेक ऑनलाइन फॉर्म तो पत्ता अजून घेत नाहीत. कार्डावर आणि खोक्यावर क्यूआर कोड छापलात तर गिऱ्हाइकाला टाइपच करावं लागत नाही आणि ‘ॲ’चा प्रश्नच मिटतो. दोन्ही नावं एकत्र घेणाऱ्यांना तो कोड आम्ही बनवून देतो, वेगळे पैसे घेत नाही.

छपाई मात्र आमच्या चाचणीच्या लिंकवरून साइट घरातल्या दोन-तीन मोबाइलवर उघडून बघितल्याशिवाय सुरू करू नका. कार्डाचं प्रूफ आमच्याकडे पाठवलंत तर पत्त्याची ओळ आम्ही तपासून देऊ.